फेब्रुवारीतल्या द्राक्षाचा निकाल जूनमध्येच लागतो

(या भागाचा लेखी मजकूर. बसमध्ये नेटवर्क जात असेल किंवा ऑफिसमध्ये हेडफोन लावता येत नसेल तर वाचून घ्या. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)



आजचा विषय आपल्या नाशिकचा आहे आणि थोडा बायोलॉजीचाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. त्यामुळे जिथे मला स्वतःला समजायला वेळ लागला, तिथे मी मुद्दाम हळू जाणार आहे. कोणी ॲग्रीवाले ऐकत असतील तर त्यांनी तेवढी पाच मिनिटं सांभाळून घ्यावं.

प्रश्न असा आहे. २०२५ च्या पावसाळ्यानंतर निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात फळछाटण्या झाल्या. वेली फुटल्या. पानं हिरवीगार, फूट जोमदार. फोटो काढून स्टेटसला ठेवावी अशी बाग. आणि अनेक बागांमध्ये त्या फुटीवर घडच नव्हते. काही ठिकाणी होते ते इवलेसे. आता गंमत बघा, छाटणीनंतर त्या बागेने सगळं व्यवस्थित केलं होतं. खत होतं, पाणी होतं, फवारणी वेळेवर होती. मग घड गेले कुठे?

याचं उत्तर असं की ते गेले नाहीत, ते मुळात तयारच झाले नव्हते. आणि तो निर्णय वेलीने ऑक्टोबरमध्ये घेतला नव्हता, मे-जूनमध्येच घेतला होता. वरून ढग दाटलेले असताना, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान जागेत. आज आपण त्या निर्णयाच्या आत शिरणार आहोत.

दोन कात्र्या, एक पीक

जे शहरात वाढले त्यांच्यासाठी आधी थोडं बेसिक.

युरोपात द्राक्षाची वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि वसंतात उठते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, त्यामुळे वेल झोपतच नाही. मग आपण काय करतो, तर वर्षातून दोनदा कात्री चालवतो. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी. जुन्या काड्या जवळजवळ मुळापासून काढायच्या, एक-दोन डोळे ठेवायचे आणि नवीन काडी वाढवायची. या छाटणीतून द्राक्ष मिळत नाही, फक्त काडी मिळते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी, फळछाटणी, जिला कोणी गोडी छाटणी म्हणतं. आता त्या तयार काडीवरचे ठरावीक डोळे ठेवून पुढचा भाग कापायचा. डोळे फुटतात, फुटीबरोबर घड बाहेर येतो आणि जानेवारीपासून माल निघायला लागतो.

म्हणजे ऑक्टोबरची छाटणी हे फक्त रनचं बटण आहे. कोड आधीच लिहून झालेला असतो. तो लिहिला जातो खरड छाटणीनंतर, काडीवर नवीन डोळे बनत असताना. साधारण चाळिसाव्या ते साठाव्या दिवसाचा काळ सगळ्यात नाजूक. बागायतदार याला ‘सूक्ष्म घडनिर्मिती’ म्हणतात. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात खरड छाटणी केली असेल, तर हा काळ कधी येतो? मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत.

आता २०२५ चा मे आठवा. मेच्या पहिल्या आठवड्यापासून महाराष्ट्रात पाऊस सुरू झाला आणि तो थांबायचं नावच घेईना. मान्सून केरळात २४ मे रोजी आला, नेहमीची तारीख १ जून. मुंबईत २६ मे रोजी, नेहमीची तारीख ११ जून. जो महिना नाशिकमध्ये कडक उन्हाचा असतो, तो ढगांत गेला. नेमका तोच महिना.

घड की बाळी?

द्राक्षाच्या वेलीवर तारेला विळखा घालणारी ती कुरळी दोरी असते ना, तिला बाळी म्हणतात. बाळी आणि घड काडीवर एकाच प्रकारच्या जागी येतात, पानाच्या बरोबर समोर. हा योगायोग नाही. डोळ्याच्या आत दोघांची सुरुवात एकच असते.

डोळ्याच्या आतल्या वाढबिंदूच्या बाजूला एक बारीकसा उंचवटा तयार होतो. त्या क्षणी तो घडही नसतो आणि बाळीही नसते. तो ‘अजून ठरलं नाही’ या अवस्थेत असतो. पुढे त्याला फांद्या, त्या फांद्यांना पुन्हा फांद्या, अशा फुटत गेल्या तर त्याचा घड होतो. दोन-तीन फाट्यांवरच थांबला आणि लांब होत गेला तर बाळी. आणि अधलंमधलंही होतं. एका टोकाला चार-दोन मणी आणि बाकी सगळी बाळी, असला प्रकार बागेत फिरलात तर दिसेल. तो निर्णय अर्ध्यावर अडकला होता, एवढाच त्याचा अर्थ.

मग हे ठरवतं कोण? मुख्यतः दोन संजीवकांची ओढाताण. एक सायटोकायनिन, दुसरं जिब्रेलिन. सायटोकायनिन पेशींना सांगतं, विभागा, फांद्या काढा. ते घडाच्या बाजूचं. जिब्रेलिन सांगतं, लांब व्हा. ते बाळीच्या बाजूचं.

हे नुसतं तर्काने म्हटलेलं नाही. सी. श्रीनिवासन आणि मायकेल मलिन्स या दोन संशोधकांनी १९७८ मध्ये वेलीच्या बाळ्या कापून काचेच्या नळीत वाढवल्या, त्यांना सायटोकायनिन दिलं, आणि त्या बाळ्यांचे फुलोरे झाले. बाळीतून फुलोरा! म्हणजे बाळी ही घड होऊ न शकलेली रचनाच आहे म्हणा ना.

एका अक्षराचा बदल

आता माझा सगळ्यात आवडता भाग. फ्रान्समध्ये शॅम्पेनसाठी वापरतात ती पिनो मनिए नावाची एक द्राक्षजात आहे. तिची गंमत ही की तिच्या बाहेरच्या थरातल्या पेशी आणि आतल्या पेशी यांचा डीएनए किंचित वेगळा आहे. ऑस्ट्रेलियातल्या पॉल बॉस आणि मार्क थॉमस यांनी फक्त बाहेरच्या थरातल्या पेशींपासून नवीन रोप वाढवलं. ते बुटकं निघालं. आणि त्या रोपावर जिथे जिथे बाळी यायला हवी, तिथे तिथे घड आले. २००२ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

कारण शोधलं तर बदल निघाला एका प्रोटीनमधल्या फक्त एका अमिनो आम्लाचा. एवढ्या मोठ्या कोडबेसमध्ये एक कॅरेक्टर बदललं आणि सगळ्या बाळ्यांचे घड झाले.

त्या प्रोटीनच्या कुटुंबाचं नाव ‘डेला’. डेला म्हणजे पेशीतला हँडब्रेक समजा. डेला जागेवर असेल तोवर लांब वाढ दाबलेली राहते. जिब्रेलिन आलं की ते एका रिसेप्टरला जाऊन चिकटतं, ती जोडी डेलाला पकडते, त्याच्यावर ‘नष्ट करा’ असा शिक्का बसतो आणि पेशीची कचरा यंत्रणा त्याचे तुकडे करते. ब्रेक सुटला, वाढ सुरू. पिनो मनिएच्या त्या बदललेल्या डेलाला जिब्रेलिनमुळे पकडताच येत नाही. ब्रेक कायम लागलेला. म्हणून रोप बुटकं, आणि म्हणून बाळीऐवजी घड.

हे ओळखीचं वाटतंय का? हरितक्रांतीचा बुटका गहू. १९६० च्या दशकात मेक्सिकोहून आपल्याकडे आलेल्या त्या गव्हाच्या जातींमध्ये याच डेला कुटुंबातल्या जनुकात बदल होता. आपल्या निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे आणि त्याच्या आजूबाजूला द्राक्षाच्या बागा. दोन्ही पिकांच्या मुळाशी एकच ब्रेक आहे, ही गोष्ट मला भारी वाटते.

यात उजेड कुठून आला?

उजेड म्हणजे झाडाचं जेवण, हे शाळेत शिकलोय. ते खरंच आहे. पण उजेड म्हणजे झाडाला मिळणारी माहितीसुद्धा आहे. दोन्ही वेगळे हिशेब आहेत.

पहिला हिशेब जेवणाचा. घडाचा उंचवटा फांद्या काढतोय म्हणजे पेशी भराभर विभागतायत, त्याला साखर लागते. ढग आले की उजेड कमी, साखर कमी. वेल मग काय करते, तर आहे ती साखर वाढणाऱ्या शेंड्याला आधी देते. डोळ्याच्या आतल्या त्या उंचवट्याचा नंबर शेवटी लागतो.

थॉमसन सीडलेस ही आपल्याकडची ओळखीची जात. ऑस्ट्रेलियात तिलाच सुलताना म्हणतात. तिथे पी. मे आणि ए. जे. अँटक्लिफ यांनी १९६३ मध्ये सुलतानाच्या वेलींवर सावली करून पाहिली आणि पुढच्या हंगामात घड कमी झाले. नंतर बट्रोज नावाच्या संशोधकाने बंद खोल्यांत उजेड आणि तापमान कमी-जास्त करून पाहिलं. उजेड वाढवला की डोळ्यातल्या घडांची संख्याही वाढते आणि आकारही. म्हणजे ही गोष्ट जगाला साठ वर्षांपासून माहीत आहे.

दुसरा हिशेब माहितीचा. पानं लाल रंगाचा प्रकाश शोषून घेतात, पण त्याच्या थोडा पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतिलाल प्रकाश आरपार जाऊ देतात. म्हणून पानाखालच्या सावलीत लाल कमी आणि अतिलाल जास्त असतो. झाडात हे प्रमाण मोजणारा सेन्सर आहे, त्याचं नाव फायटोक्रोम. लाल प्रकाश पडला की तो ऑन होतो आणि पेशीच्या केंद्रकात जाऊन ‘लांब व्हा’ म्हणणाऱ्या प्रोटीनांना संपवतो. अतिलाल पडला की तो ऑफ होतो. मग ती प्रोटीनं मोकळी सुटतात आणि झाड म्हणतं, माझ्यावर कोणाची तरी सावली आहे, पळा वर! डेला नावाचा तो ब्रेक याच प्रोटीनांना धरून ठेवत असतो. म्हणजे उजेडाची वायर आणि जिब्रेलिनची वायर एकाच बोर्डावर येऊन मिळतात.

इथे एक बारकावा. ढग आले की उजेड एकूणच कमी होतो, पण लाल-अतिलालचं प्रमाण फारसं बिघडत नाही. ते बिघडतं पानांच्या दाटीत. मग पावसाळी मेमध्ये काय झालं असेल, विचार करा. पाणी भरपूर, जमिनीतलं नत्र विरघळून मुळांना उपलब्ध. फूट सुसाट. पानांवर पानं चढलेली. वरून ढगांनी जेवण कापलं आणि आतून दाटीने माहिती बिघडवली. डोळ्याला दोन्हीकडून एकच निरोप मिळाला, की लांब व्हा, घडाचं नंतर बघू.

ताण कमी पडला आणि जास्तही झाला

‘स्ट्रेस’ म्हटलं की वाईटच, असं आपण धरून चालतो. वेलीचं तसं नाही. घडनिर्मितीच्या काळात बागायतदार पाणी मुद्दाम थोडं कमी करतात. हलका ताण बसला की शेंड्याची धाव मंदावते आणि साखर काडीत आणि डोळ्यात थांबते. ठिबकचा व्हॉल्व्ह आपल्या हातात असतो म्हणून हे जमतं. आभाळाला व्हॉल्व्ह नसतो. २०२५ च्या मेमध्ये तो हलका ताण देताच आला नाही.

आणि उलट बाजूने भलताच ताण बसला, मुळांना. जमिनीत पाणी साचलं की मातीतली हवा निघून जाते. मुळांनाही ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन असताना वनस्पतीपेशीत काही प्रोटीनं बनल्या बनल्या तोडली जातात. ऑक्सिजन संपला की त्यांचं तोडणं थांबतं, ती साठतात आणि पेशीला आणीबाणीच्या मोडमध्ये टाकतात. फोनचा बॅटरी सेव्हर लागतो ना, तसं. कमी ऊर्जेत कसंबसं चालवायचं, नवीन काही करायचं नाही. आता सायटोकायनिन, म्हणजे घडाच्या बाजूचं ते संजीवक, मोठ्या प्रमाणात तयार कुठे होतं? पांढऱ्या मुळांच्या टोकांवर. मुळंच गुदमरली तर वर निरोप कोण पाठवणार?

म्हणजे तराजूच्या एका पारड्यात जिब्रेलिन वाढलं आणि दुसऱ्या पारड्यातून सायटोकायनिन काढून घेतलं. निकाल काय लागणार ते वेगळं सांगायला नको.

हे आपल्या लोकांना आधीच माहीत होतं

आता कोणी म्हणेल, हे सगळं लॅबमधलं, शेतकऱ्याला त्याचं काय. तर ऐका. खरड छाटणीनंतर नाशिकचा बागायतदार काय फवारतो? सिक्स बीए, हे सायटोकायनिन आहे. सीसीसी, हे रसायन वेलीत जिब्रेलिन तयार होण्याची प्रक्रियाच अडवतं. शेंडा खुडतो, म्हणजे वरची धाव थांबते. जादा काड्या काढून विरळणी करतो, म्हणजे डोळ्यावर थेट लाल प्रकाश पडतो. वाय आकाराच्या मांडवावर काड्या पसरून बांधतो, त्याचंही कारण तेच. म्हणजे ज्या तराजूबद्दल मी पंधरा मिनिटं बोलतोय, त्याच्यावर आपला बागायतदार दर उन्हाळ्यात हात ठेवून उभा असतो.

आणि पुढे हाच माणूस जीए, म्हणजे तेच जिब्रेलिन, स्वतःहून घडाला देतो. घडाचा देठ लांबावा, मणी मोठे व्हावेत म्हणून. जूनमध्ये जे नको, ते डिसेंबरमध्ये हवं. रेणू तोच, वेळ वेगळी. तोपर्यंत घड व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आता त्याला फक्त मोठं करायचं असतं. छाटणीनंतर फूट निघताना पुन्हा ढगाळ राहिलं, तर वेलीतलंच जिब्रेलिन वाढून आधी तयार असलेला घडही बाळीकडे वळू शकतो. त्याला ‘घड जिरणे’ म्हणतात. किती नेमका शब्द आहे.

मग अडलं कुठे?

इतकं ज्ञान असून फटका बसलाच, कारण फवारणी तराजू थोडा झुकवू शकते, महिनाभराचं ऊन परत आणू शकत नाही. प्लॅस्टिक आच्छादनाने पाऊस अडतो, रोग कमी होतात, पण आच्छादन थोडा उजेडही खातं आणि खर्च मोठा आहे. म्हणजे तिथेही तडजोडच.

पण मला खरी अडचण दिसते ती नुकसान मोजण्याची. गारा पडल्या तर दिसतं. घड कुजला, मणी तडकले तर दिसतं, पंचनामा होतो. जूनमध्ये डोळ्याच्या आत जो घड झालाच नाही, त्याचा पंचनामा कसा करणार? त्या दिवशी बाग हिरवीगार असते. हवामानावर आधारित फळपीक विमाही द्राक्षाच्या बाबतीत मुख्यतः फळछाटणीनंतरचा अवेळी पाऊस आणि थंडी बघतो. वेलीचा निर्णय त्याच्या चार-पाच महिने आधी होऊन गेलेला असतो. सॉफ्टवेअरच्या भाषेत, एरर जूनमध्ये आला आणि आपण लॉग ठेवायला ऑक्टोबरपासून सुरुवात केली.

एक गोष्ट मात्र हातात आहे, काडी तपासणी. फळछाटणीच्या आधी काड्या नेऊन डोळे उभे चिरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, की घड आहे का, कितव्या डोळ्यात आहे. घड चौथ्या-पाचव्या डोळ्याऐवजी सातव्या-आठव्यात असेल तर छाटणी तिथपर्यंत लांब ठेवता येते. घड अगदीच नसतील, तर पुढच्या औषधांवर, मजुरीवर किती पैसा घालायचा हे तरी आधी ठरवता येतं. कर्ज काढून शेती करणाऱ्या घरासाठी तेवढी आगाऊ माहितीसुद्धा मोठी असते. हीच तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये गावोगाव झाली आणि तिची नोंद राहिली, तर ‘घड नव्हतेच’ हे सांगायला शेतकऱ्याच्या हातात कागद असेल. विम्याचे निकष बदला म्हणायलाही तोच कागद लागेल.

आणि तुमच्या-माझ्यासारख्या मोबाईलवाल्यांसाठी एक काम. पाऊस किती मिलिमीटर झाला हे आपण लगेच बघतो, फॅमिली ग्रुपवर टाकतो. ऊन किती तास पडलं, हे कोणी विचारत नाही. तुमच्या घरी, मामाकडे, मित्राकडे बाग असेल, तर येत्या मे-जूनमध्ये रोज एवढंच लिहून ठेवा. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत कडक ऊन होतं, ढग किती वेळ होते, सरीत पाणी साचलं का. एक साधी शीट, चार कॉलम. मग काडी तपासणीचा निकाल त्याच्या शेजारी ठेवा. दोन-तीन हंगामांनी ती शीट तुमच्या बागेबद्दल असं काही सांगेल, जे कोणत्याही ॲपला माहीत नसेल.

बाजारात फेब्रुवारीत द्राक्ष दिसली नाहीत किंवा महाग मिळाली, तर शेजारी कोणीतरी म्हणेलच, ‘यंदा थंडीने घात केला.’ थंडीने केलाही असेल. पण तुम्ही त्यांना विचारा, मेमध्ये ऊन किती पडलं होतं?

आजच्यापुरतं एवढंच. बागेतले कोणी ऐकत असाल तर तुमच्याकडे २०२५ च्या खरड छाटणीची तारीख काय होती आणि घड किती निघाले, ते कॉमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.